मैफल कोणाची, मुद्रण कोणाचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी रॉक बँडच्या साठीचा सोहळा सलग तीन दिवस रंगला. वास्तविक जेरी गार्सिया या त्याच्या प्रमुख गायक-गिटारवादकाचे १९९५ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षी मूळ बँड विसर्जित झाला. तरीही तीन दशकांनंतर उरलेले सदस्य आणि नवे सहकारी यांना ऐकण्यासाठी हजारो रसिक लोटले. या दीर्घायुष्याचे एक कारण त्या बँडच्या एका उदार, आणि पुढे वादग्रस्त ठरलेल्या, रिवाजात सापडते: श्रोत्यांनी मैफल ध्वनिमुद्रित करावी आणि ती एकमेकांना विनामूल्य द्यावी.

बहुतेक बँड श्रोत्यांच्या हातातील ध्वनिमुद्रक प्रवेशद्वारावरच काढून घेत. ‘डेड’ने आधी डोळेझाक केली आणि ऑक्टोबर १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात स्वतंत्र जागाच राखून ठेवली. अट एकच होती, या मुद्रणांचा व्यापार करायचा नाही. आपले वाजवून झाले की ते संगीत श्रोत्यांचे, अशी गार्सियाची भूमिका होती. त्यामागे व्यवहारही होताच. सुमारे तीस वर्षांत या बँडने २३०० च्या आसपास कार्यक्रम केले आणि प्रत्येक कार्यक्रम उत्स्फूर्त वादनामुळे वेगळा असे. त्यामुळे एक कॅसेट ऐकलेल्याला दुसरी हवीशी वाटे आणि दहा ऐकलेला तिकिटाच्या रांगेत उभा राही. उत्पन्नाचा मुख्य स्रोत तिकीट हाच असल्याने फुकट फिरणारी कॅसेट ही बिनखर्चाची जाहिरात ठरली.

इंटरनेट आले आणि हे गणित बिघडले. टपालाने कॅसेट पाठवून दुसरी मागवण्यात वेळ जाई, ओळखी होत. आता एका कळीसरशी संपूर्ण मैफल घरी येऊ लागली. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या विनानफा संस्थेच्या संग्रहात ‘डेड’ची हजारो मुद्रणे जमा झाली. नोव्हेंबर २००५ मध्ये बँडच्या व्यवस्थापनाच्या सांगण्यावरून ती उतरवून घेण्याची सोय अचानक बंद झाली. बँडचे दौरे संपले होते, तिकिटांचे उत्पन्न आटले होते आणि जुन्या मैफलींची विक्री हाच व्यवसाय उरला होता.

चाहते खवळले. निषेधपत्रावर सह्या झाल्या, बँडच्या वस्तूंवर बहिष्काराची भाषा झाली. गीतकार जॉन पेरी बार्लो यांनी उघड नापसंती दर्शवली आणि बेसवादक फिल लेश यांनी या निर्णयात आपला सहभाग नसल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच तडजोड झाली. श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पूर्ववत खुली झाली. मंचावरील ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेली, अधिक स्वच्छ मुद्रणे मात्र केवळ ऐकता येतील, उतरवून घेता येणार नाहीत, असे ठरले.

चाहत्यांतही तेव्हा एकमत नव्हते. एक बाजू म्हणत होती की संगीत कलावंतांचे आहे. वर्षानुवर्षे फुकट मिळाले म्हणून त्यावर हक्क प्रस्थापित होत नाही आणि वृद्ध वादकांनी व दिवंगतांच्या वारसांनी उपजीविका शोधण्यात गैर काही नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की हा संग्रह बँडने एकट्याने उभारलेला नाही. स्वतःची यंत्रे खांद्यावर वाहून, फिती जपून, त्यांच्या नोंदी ठेवून तो रसिकांनी घडवला. एकदा वाटलेले परत मागणे हा विश्वासभंग होता.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच ती तडजोड मोलाची वाटते. तिकीट काढून स्वतःच्या यंत्रावर, अनुमतीने केलेले मुद्रण हे रसिकाच्या श्रमाचे फळ होय. बँडच्या यंत्रणेतून, बँडच्या तंत्रज्ञांनी घेतलेले मुद्रण ही बँडची मत्ता होय. ही रेषा न्याय्य होती. चूक झाली ती ती विश्वासात न घेता, रातोरात ओढण्यात.

फुकट वाटपाने विक्री बुडाली काय? निदान येथे तरी तसे दिसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘बिलबोर्ड २००’ यादीत पहिल्या चाळिसांत सर्वाधिक, म्हणजे ५९, अल्बम नेण्याचा विक्रम याच बँडने केला. एल्व्हिस प्रिस्ली आणि फ्रँक सिनात्राही मागे पडले. त्यांतील बरेचसे अल्बम जुन्या मैफलींचेच आहेत. ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातील मैफल रसिकांच्या फितींतून दशकानुदशके फिरत राहिली. २०१७ मध्ये ती अधिकृतपणे बाजारात आली, तेव्हाही तिला गिऱ्हाईक होतेच. अर्थात हे यश सर्वांना लागू पडेल असे नाही. ज्याला हजारोंची तिकीटविक्री लाभत नाही, ज्याचे उत्पन्न मुद्रिकेवरच अवलंबून आहे, अशा कलावंताला हे औदार्य परवडेलच असे नाही. औदार्य हे स्वेच्छेनेच शोभते.

हा प्रश्न गोमंतकालाही परका नाही. केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाबाबत अत्यंत काटेकोर होत्या. मोजक्याच ध्वनिमुद्रिका मागे ठेवून त्या गेल्या. त्यांतील एक १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अंतराळात गेली. एखादी दुर्मीळ खासगी फीत हाती आली तर आजचा अभ्यासक ऋणी राहील, हे खरे. पण ‘नको’ म्हणण्याचा त्यांचा अधिकार तेवढाच खरा होता.

भारतीय कायद्याने तो अधिकार आता स्पष्ट केला आहे. प्रतिमुद्राधिकार अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाला पंचवीस वर्षांचे संरक्षण मिळाले, १९९९ च्या दुरुस्तीने ते पन्नास वर्षांचे झाले. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाचे मुद्रण करण्याचा अनन्य अधिकार त्याला दिला. केवळ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या मुद्रणाला कायदा सूट देतो, मात्र ते जगापुढे मांडण्याला नव्हे. आज मैफलीत ख्यालाची बढत सुरू असतानाच अनेक भ्रमणध्वनी उंचावतात आणि रात्री ती चित्रफीत समाजमाध्यमांवर झळकते. गायकाला कोणी विचारलेले नसते, तबलजी व संवादिनीवादकाला तर नाहीच.

मैफलीपूर्वी आयोजकांनी कलावंताची अनुमती विचारून ती श्रोत्यांना जाहीर करावी: मुद्रण चालेल काय, वाटप चालेल काय, अट कोणती. ‘डेड’च्या राखीव जागेने हेच चाळीस वर्षांपूर्वी साधले होते. दोन वाक्यांची ही घोषणा करायला ना कायदा बदलावा लागतो, ना खर्च येतो. कलावंताने आनंदाने दिलेला स्वर रसिक जिवापाड जपतो, आणि जपलेला स्वरच पुढच्या पिढीच्या कानी पडतो.