सिनेमातून काय बोध घेतलास?



गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातल्या दृढीकरणाच्या वर्गाला आम्ही तीन रविवारी तीन सिनेमे दाखवले. मिस्सा झाली, चहा-बिस्किटं झाली, की हॉलच्या खिडक्यांना जुन्या चादरी बांधायच्या, भाड्याचा प्रोजेक्टर लावायचा आणि पंखे बंद करायचे, कारण पंख्याच्या वाऱ्याने चादर उडते आणि पडद्यावर ऊन येतं. सुरतेत मार्च महिन्यात पंखे बंद करून दोन तास बसणं हाही एक उपवासच आहे. मुलं बसली, तक्रार न करता बसली.

सिनेमा संपला की प्रत्येकाला अर्धा कागद मिळायचा आणि फळ्यावर एकच प्रश्न असायचा: या सिनेमातून तू काय बोध घेतलास?

हा प्रश्न आम्ही कित्येक वर्षं विचारत आलो आहोत. आता आमचं मत असं झालं आहे की तो विचारू नये. हे मत कसं झालं ते सांगतो. त्यात आमची चूक आहे आणि ती झाकून हा लेख लिहिता येणार नाही.

आमच्या वर्गातली मुलं उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांतून येतात. बहुतेकांची मुळं नंदुरबार, धुळे, जळगावकडची. कोणाचे वडील लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करतात, कोणाचे कापडाच्या मिलमध्ये, आणि आया घरी बसून साड्यांना लेस लावतात. काही मुलं महानगरपालिकेच्या मराठी शाळेत आहेत, काही गुजराती माध्यमात, थोडी इंग्रजीत. त्यामुळे कागद गोळा केले की पाच-सहा कागद मराठी असूनही गुजराती लिपीत निघतात. शिरोरेघ नसलेली मराठी वाचायला आम्ही आता सरावलो आहोत. आम्ही तिघे धर्मशिक्षक, रविवारी दुपारी एका टेबलाशी बसून सगळे कागद वाचतो.

पहिल्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला १९७९ सालचा ‘जीझस’ दाखवला. उत्तरं सगळी सारखी आली. प्रभूने आपल्यासाठी दुःख सोसलं, आपणही एकमेकांवर प्रेम करावं. मुलांना हे उत्तर सिनेमा सुरू व्हायच्या आधीच पाठ होतं. आम्ही सगळ्यांना ‘छान’ लिहून दिलं.

दुसऱ्या रविवारी ‘श्वास’. संदीप सावंत यांचा हा २००४ साली आलेला सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे आणतात. डोळ्यांचा कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा मुलाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर काढून जग दाखवायला नेतात. हॉलमध्ये रडणं चाललं होतं, आम्हीही त्यात होतो. कागदांवर ‘आजी-आजोबांचा मान राखावा’, ‘डोळे ही देवाची देणगी आहे’ असं बरंच आलं. एका मुलीने मात्र तीन ओळी लिहिल्या. तिला रडू आलं नाही. ती सारखी विचार करत होती की एवढ्या मोठ्या दवाखान्याचे पैसे आजोबांनी कुठून आणले असतील. आणि त्यांच्याबरोबर कागद वाचायला कोणी नसतं तर काय झालं असतं.

आमच्यापैकी एकाने त्यावर लिहिलं, ‘विषयाला धरून लिही.’

त्या मुलीच्या घरी आदल्या दिवाळीत काय झालं होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. वडिलांचा हात मशीनमध्ये आला होता आणि ही चौदा वर्षांची मुलगी सरकारी दवाखान्यात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर कागद घेऊन फिरली होती. हे माहीत असूनही आम्ही तसं लिहिलं, कारण आमच्या हातात तपासायचा पेन होता आणि तिचं उत्तर आमच्या प्रश्नात बसत नव्हतं. विषयाला धरून लिहिणारी त्या दिवशी वर्गात ती बहुधा एकटीच होती.

तिसऱ्या रविवारचा सिनेमा होता ‘फँड्री’. फादरांनी आधी स्वतः पाहिला, शिव्या आहेत म्हणून थोडे थबकले, मग म्हणाले, दाखवा, या शिव्या मुलांना आपल्याकडून कळायच्या राहिलेल्या नाहीत. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा सिनेमा, २०१३ चा. जब्या नावाचा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा, त्याचं वर्गातल्या शालूवरचं न बोललेलं प्रेम, काळ्या चिमणीमागची धावपळ, आणि गावातली डुकरं पकडायचं घरावर आलेलं काम. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. शेवटी सगळं गाव मजा बघत उभं राहतं आणि हे कुटुंब डुकराच्या मागे धावतं. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, तेव्हा सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर यांची चित्रं दिसतात. चिडवणाऱ्यांवर जब्या अखेर दगड भिरकावतो. तो दगड थेट बघणाऱ्यांच्या अंगावर येतो आणि सिनेमा संपतो.

त्या दिवशीचे तीन कागद आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एका मुलाने लिहिलं, डुकराच्या मागे सगळे धावतात तेव्हा खूप मजा आली, मी पोट धरून हसलो. दुसऱ्याने लिहिलं, देवासमोर सगळे सारखे आहेत, आपल्या चर्चमध्ये जातपात नाही म्हणून आपण देवाचे आभार मानले पाहिजेत. तिसऱ्याने एकच वाक्य लिहिलं होतं: मी असतो तर दगड आधीच मारला असता.

दुसऱ्या कागदाला आम्ही बक्षीस दिलं. पहिल्यावर ‘गंभीरपणे घे’ असं लिहिलं. तिसऱ्यावर लाल शाईने लिहिलं की हे ख्रिस्ती उत्तर नाही, आणि खाली योहानाच्या आठव्या अध्यायाचा संदर्भ दिला. व्यभिचारात धरलेली स्त्री, जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, तो उतारा. आम्हा तिघांपैकी पेन कोणाच्या हातात होता याला महत्त्व नाही. तिघांनी वाचलं, तिघांनी मान डोलावली.

पुढचे चार रविवार तो मुलगा वर्गाला आला नाही. झावळ्यांच्या रविवारीही दिसला नाही, तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई साड्यांच्या ढिगाऱ्याशी बसून लेस लावत होती. तिने आम्हाला जागा करून दिली, पाणी दिलं. तो दारात उभा होता. आम्ही विचारलं, का रे येत नाहीस? तो म्हणाला, “सर, उत्तर आधीच ठरलेलं होतं तर विचारलं कशाला?”

आम्ही काहीतरी बोललो, आता ते आठवतही नाही. मग आईने हातातलं काम न थांबवता सांगितलं, सुट्टीत गावी गेल्यावर याच्या आजोबांना लोक कोणत्या नावाने हाक मारतात ते. तो शब्द इथे लिहीत नाही. नंतर ती म्हणाली की मोठ्या मुलीच्या लग्नाचं आपल्याच मंडळीतल्या एका घराशी बोलणं चाललं होतं. सगळं पसंत होतं. मग त्यांनी विचारलं, तुमचे आजोबा बाप्तिस्म्याच्या आधी कोण होते? त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

आणि आम्ही बक्षीस कोणत्या उत्तराला दिलं होतं, ते वर लिहिलंच आहे.

घरी परत येताना आम्ही योहानाचा तो अध्याय पुन्हा वाचला. आमच्या लक्षात आलं की उतारा आम्ही उलटा लावला होता. त्या गोष्टीत दगड गर्दीच्या हातात आहेत आणि समोर एकटी स्त्री आहे. ‘फँड्री’त गर्दी हसते आहे आणि एकट्या मुलाच्या हातात दगड आहे. प्रभू त्या दिवशी मंदिरात गर्दीशी बोलला होता. आम्ही गर्दीला सांगायचं ते मुलाला सांगितलं. दगड मारणं बरोबर, असं आम्ही म्हणत नाही आणि वर्गात म्हणणारही नाही. पण जब्याला सबुरीचा उपदेश करण्याआधी गावाशी बोलावं लागतं, आणि त्या गावात हसणारा आमचाच दुसरा विद्यार्थी होता. ती दोन्ही मुलं एका बाकावर बसतात. त्यांचे दोन कागद आम्ही शेजारी ठेवून वर्गात मोठ्याने वाचले असते, तर वर्षभराचं धर्मशिक्षण एका तासात झालं असतं. हसलो म्हणणारा मुलगा खोटं बोलला नव्हता. आपणही गावाबरोबर हसतो आणि मग दगड आपल्याकडे येतो, हेच तर त्या सिनेमात आहे. त्याला पुढची पायरी दाखवायची सोडून आम्ही गप्प केलं.

जुन्या करारात नाथान संदेष्टा दावीद राजाकडे जातो ती गोष्ट घ्या, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातली. गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने हिसकावली, हे ऐकून दावीद संतापतो, त्या माणसाला मरणदंड द्यायला निघतो. नाथान त्याला मध्येच थांबवून ‘राजा, राग आवर, यातून बोध काय घेतलास?’ असं विचारत नाही. तो त्याला पुरता संतापू देतो. मग सांगतो की तो माणूस तूच आहेस. संताप आधी खरा झाला नसता तर ते शब्द दाविदाला लागलेच नसते. स्तोत्रसंहितेतही राग, शिव्याशाप, सूडाची मागणी, सगळं देवासमोर मांडलेलं आहे. आपल्या चर्चने १९७१ च्या प्रहरप्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं गाळली हे खरं, पण बायबलमधून ती कोणी काढलेली नाहीत.

आपल्या सिनेमाचा उगमच मुळी अशा एका ‘चुकीच्या’ उत्तरात आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. त्यांना काय वाटलं ते पुढे त्यांनी स्वतःच ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवलं आहे. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तरुणपणी आम्हाला हे वाचून थोडं वाईट वाटायचं. प्रभूचं जीवन पाहून याला दुसरंच काही सुचतं? आता तसं वाटत नाही. फाळके आमच्या वर्गात असते तर शहाण्या मुलासारखं ‘शेजाऱ्यावर प्रेम करावं’ असं लिहून ‘छान’ घेऊन गेले असते, किंवा खरं ते लिहून लाल शाई खाल्ली असती. स्वतःच्या मनाला काय झालं ते त्यांनी प्रामाणिकपणे पाहिलं, म्हणून पुढचं सगळं झालं. ख्रिस्ताचं दर्शन एखाद्याला त्याच्या स्वतःच्या घराकडे वळवत असेल, तर त्यात प्रभूचा अपमान आहे असं आम्हाला तरी दिसत नाही.

आमच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग धर्मशिक्षक कशाला हवा? मुलं म्हणतील ते खरं?” त्यांची काळजी खोटी नाही. मुलांच्या मनात येतं ते सगळंच चांगलं असतं, असं आम्हीही मानत नाही. दगडाबद्दल बोलायचं आहेच, क्षमेबद्दलही बोलायचं आहे, आणि क्षमा कोणी कोणाला मागायची याबद्दल तर फारच बोलायचं आहे. वाद आहे तो फक्त क्रमाचा. मुलाने आधी खरं सांगावं आणि आपण ते ऐकून घ्यावं. बोध आधीच फळ्यावर लिहिला की खरं कोणी सांगत नाही. मुलं हुशार असतात, आपल्याला हवं तेच देतात आणि घरी जातात. मग दहा वर्षांनी ती चर्चला का येत नाहीत म्हणून आपण बैठका घेतो.

पास्खा सणानंतर तो मुलगा परत आला. आम्ही तिघांनी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि त्या मुलीचीही. ती लाजली. त्याने नुसती मान हलवली. बक्षीस मिळालेल्या मुलाचं काय करावं ते मात्र अजून सुचलेलं नाही. त्याने वाईट काहीच केलं नव्हतं, आम्ही शिकवलं तेच लिहिलं होतं.

आता फळ्यावर आम्ही लिहितो, ‘बघताना मनात काय आलं?’ आणि कागद तपासत नाही, फक्त वाचतो. मुलांनी परवानगी दिली तर पुढच्या रविवारी दोन-तीन कागद मोठ्याने वाचतो आणि तिथून बोलायला सुरुवात करतो. परवा एक छोटी फिल्म दाखवली तेव्हा त्या मुलाने कागद कोराच दिला. आम्ही तो बाकीच्या कागदांबरोबर ठेवून घेतला.

पुढच्या महिन्यात प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ दाखवायचा विचार आहे. जुन्या सिनेमाचा आवाज आमच्या स्पीकरवर नीट येत नाही. कोणाकडे बरा स्पीकर असेल तर रविवारी मिस्सेनंतर सांगावं.