मातीतले गोळे आणि चांदीचा रुपया



पाऊस लागला की अळंबीबद्दल विचारणारी पत्रं हटकून येतात. यंदाचं पत्र आहे अकोले तालुक्यातल्या एका भगिनीचं. (जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला, तरी तोंडात अजून ‘नगर’च येतं!) त्या लिहितात, ‘भंडारदऱ्याच्या बाजूला झाडाखालची माती उकरताना सुपारीएवढे, लिंबाएवढे गोळे सापडले. माझ्या जाऊबाई रांचीला असतात. त्या फोनवर म्हणाल्या, अगं, हा तर रुगडा! कर खुशाल भाजी. करू का?’

ताई, करू नका. का, ते सांगते.

जाऊबाईंचं सगळंच चूक नाही, बरं का. झारखंडात पावसाळ्यात रुगडा मिळतो, बस्तरकडे त्यालाच बोडा म्हणतात. श्रावणात मटणाऐवजी तो शिजवतात. फ्रान्स-इटलीत कुत्र्यांना वासावर सोडून जमिनीतून शोधतात, त्या महागड्या ट्रफलची आठवण व्हावी असा हा प्रकार. पण रुगड्याचं सख्य साल वृक्षाच्या मुळांशी. झाड त्याला साखर देतं, तो झाडाला मातीतलं पाणी आणि क्षार पुरवतो. आपल्या सह्याद्रीत सालाची वनं नाहीत. हिरडा, जांभूळ, ऐन आहेत. तेव्हा रांचीची ओळख कळसूबाईच्या पायथ्याशी चालवायची नाही.

मग ते गोळे कशाचे? एक गोळा सुरीनं उभा चिरून पाहा, म्हणजे निदान धोका तरी दिसेल. साल जाड आणि आत जांभळट-काळा, संगमरवरासारख्या रेघांचा गर असेल, तर तो स्क्लेरोडर्मा नावाचा प्रकार असण्याचा संभव आहे. तो खाल्ला तर पोटात मुरडा आणि उलट्या ठरलेल्या. आत मिटलेल्या छत्रीची आकृती दिसली, तर तो गोळाच नव्हे, ती उमलायची राहिलेली अळंबी. विषारी अमानिटाची अळंबी लहानपणी अशीच अंड्यासारखी असते. आणि गर सगळीकडे सारखा पांढराशुभ्र दिसला, तरी तेवढ्यावर भाजी करायची नाही. चिरून पाहिल्यानं काय टाकायचं ते कळतं, काय खायचं ते कळत नाही. मोबाईलवर फोटो पाठवून मिळालेल्या ‘हो’वरही विसंबू नका.

आता आमच्या घरचीच गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. ओळखीतल्या कुणीतरी माळावरच्या पांढऱ्या छत्र्या आणून दिल्या. निवडताना मला छत्रीखालच्या पाकळ्या हिरवट वाटल्या. पण सासूबाईंनी रश्शात जुना चांदीचा रुपया टाकला, तो लख्ख राहिला, आणि मी गप्प बसले. नव्या सुनेनं काय बोलायचं? दोन-तीन तासांत घरभर उलट्या. धाकट्या दिराला तर सलाईन लावावं लागलं. सगळे वाचले, पण माझं ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

चांदी काळी पडते ती गंधकानं. अळंबीच्या विषाचा तिच्याशी काही संबंध नाही. लसूण काळी पडणं, तांदूळ रंग बदलणं, किड्यानं कुरतडलेली म्हणजे चांगली, ही सगळी तशीच समजूत. अमानिटाचं विष तर उकळूनही जात नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा :

• रानातली अळंबी घ्यायची तर वर्षानुवर्षं तीच गोळा करून स्वतःच्या घरी खाणाऱ्या, ओळखीच्या बाईकडूनच. तिलाही शंका असेल, तर नकोच.

• हौस भागवायला बाजारातली धिंगरी आणा. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात तिचा रस्सा छान होतो.

• परसात उगवलेल्या छत्र्या पोरांच्या हाती लागू देऊ नका.

• खाऊन त्रास झालाच, तर घरगुती उपाय करत बसू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. लगेच दवाखाना गाठा. उरलेली अळंबी, सालं, देठ कागदात गुंडाळून बरोबर न्या.

• सर्वांत घातक विषाचा त्रास खाल्ल्यावर सहा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो. मग एखादा दिवस बरंही वाटतं, आणि तेवढ्यात आतून यकृत खराब होत असतं. ‘आता उतार पडला’ म्हणून घरी थांबू नका.

तर ताई, ते गोळे मातीत परत पुरा आणि हात साबणानं धुवा. जाऊबाईंना सांगा, रुगडा खायला मीच रांचीला येते!

आणि घरात कुणी रुपया टाकून परीक्षा घेत असेल, तर माझ्यासारख्या गप्प बसू नका. आदरानं बोला, पण पातेलं चुलीवरून खाली उतरवा. माणसं उठल्यावर रुसवा निघतो.