गोंदिया ते कोल्हापूर किती लांब?

महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापुरातून दुपारी सुटते आणि गोंदियाला पोचते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर असा वळसा घेत ती 1,300 किलोमीटरहून अधिक धावते आणि राज्याची हद्द एकदाही ओलांडत नाही. पश्चिम महाराष्ट्रातून गोंदिया, गडचिरोलीकडे बदली झालेल्या शिक्षकांना, पोलिसांना या गाडीचा डबा न् डबा पाठ असतो.

आता दोन्ही टोकांना विमानतळ आहेत. कोल्हापूरचा उजळाईवाडीला, 1939 पासूनचा. त्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च 2024 मध्ये झाले. गोंदियाचा बिरसीला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. तिथून प्रवासी विमान पहिल्यांदा उडाले ते थेट मार्च 2022 मध्ये. या दोन धावपट्ट्यांमधले सरळ हवाई अंतर साधारण 830 किलोमीटर. छोट्या मार्गांवर फिरणारे एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेळ धरूनही दोन तासांचे काम.

पण थेट विमान नाही.

डिसेंबर 2023 मध्ये गोंदियाहून हैदराबादला विमान सुरू झाले, तेव्हा मी नकाशा काढून बसलो. गोंदिया ते हैदराबाद साधारण 510 किलोमीटर, तिथून कोल्हापूर 445. बेरीज 955. परराज्यातून जायचे तरी सरळ रेषेपेक्षा फक्त सव्वाशे किलोमीटर जास्त! हवेतला वेळ तीन तासांच्या आतला. रेल्वेच्या वळशापुढे हे काहीच नाही. खरा वेळ जातो तो हैदराबादला बसून. एक विमान उतरते आणि दुसरे त्याआधीच निघून गेलेले असते किंवा संध्याकाळी असते. मग लोक जुनाच रस्ता धरतात: रेल्वेने नागपूर, विमानाने पुणे, तिथून पुढे सव्वादोनशे किलोमीटर गाडी. यात अख्खा दिवस मोडतो.

इंटरनेटवर अंतर आणि उड्डाणाचा वेळ क्षणात मिळतो, पण त्या आकड्यात हे वाट पाहणे नसते. वेळापत्रकही टिकत नाही. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर ते बदलते, आणि लहान विमानतळांचे मार्ग अशा वेळी सहज गळतात. बिरसीची 2022 ची पहिली सेवा काही महिन्यांतच थांबली होती. लहान शहरांसाठीच्या सरकारी ‘उडान’ योजनेत विमान कंपनीला तुटीची भरपाई तीन वर्षे मिळते; त्यानंतर सत्तर-बहात्तर जागा रोज भरण्याचा प्रश्न कंपनीचा. हे गणित कठीण आहे, हे मला मान्य आहे. पण आज असलेले विमान सहा महिन्यांनी असेल की नाही, हे माहीत नसेल तर कोणता व्यापारी, कोणता रुग्ण त्याच्या भरवशावर बेत आखेल? मग जागा रिकाम्या राहतात आणि सेवा बंद करायला कारण मिळते.

थेट विमानाचा हट्ट मी धरत नाही. दोन्ही गावांची विमाने एका मोठ्या विमानतळावर तास-दोन तासांच्या अंतराने भेटावीत, तिकीट एकच असावे, सामान परस्पर पुढे जावे, आणि ही सोय निदान वर्षभर तशीच राहील असे कंपनीने आधी जाहीर करावे. नव्या टर्मिनलच्या काचेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग सरकारने या हमीसाठी ठेवावा.