खोट्या कागदांवरचे उड्डाण

बनावट प्रमाणपत्रे जोडून विमान-इंजिनांचे सुटे भाग विकल्याचे लंडनमधील एका पुरवठादाराचे प्रकरण २०२३ साली उघडकीस आले आणि अनेक कंपन्यांना इंजिने तपासावी लागली. यावर ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेकांनी मिळून राखलेल्या व मागाहून गुपचूप बदलता न येणाऱ्या नोंदवहीचा, उपाय सुचविला जातो. परंतु तिच्या स्वीकारातील खरी अडचण अर्थकारणाची आहे. एकट्या कंपनीने ती स्वीकारल्यास खर्च तिचा. लाभ मात्र पुरवठादार, दुरुस्ती करणारे व प्रतिस्पर्धी सामील झाल्यावरच. शिवाय पहिलीच नोंद खोटी असेल, तर वही तो खोटेपणाच जतन करील. म्हणून कारखान्यापासूनच तपासलेली नोंद नियामकांनी सक्तीची करावयास हवी. प्रवाशाचा जीव कंपन्यांच्या एकमताची वाट पाहू शकत नाही.