हरलेल्या डावाची नोंद

28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपी यांचा टायब्रेकमध्ये पराभव करून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. अशी एखादी दिव्या आपल्या वाडीतूनही घडावी, असे कोणत्या पालकाला वाटणार नाही? तथापि येथे मला विचार मांडावयाचा आहे तो स्पर्धेत हरणाऱ्या सामान्य विद्यार्थ्याविषयी.

नवशिक्यांचा एक डाव सर्वत्र आढळतो. दोघेही राजापुढील प्यादे दोन घरे सरकवतात. पांढरा उंट काढतो, काळा घोडा काढतो. पांढऱ्याचा वजीर पटाच्या कडेला येताच काळा दुसऱ्या घोड्याने त्याच्यावर हल्ला चढवतो. वजीर मात्र केवळ राजाच्या आधारावर उभे असलेले प्यादे घेतो. वजिरामागे उंटाचे बळ असल्याने राजाला तो मारता येत नाही. चार चालींत मात! हरलेले मूल नशिबाला बोल लावते. परंतु डाव लिहिलेला असेल, तर मात चौथ्या चालीला झाली असली तरी चूक तिसऱ्या चालीत होती, हे त्यालाच दिसते. त्या वेळी राजाच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवले असते, तर वजिराची वाट अडली असती.

दीर्घ वेळेच्या डावात स्वतःची आणि प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चाल लिहिणे हा जागतिक महासंघाचा नियमच आहे. जलद डावांत ते बंधन नसते. एका दिवसात स्पर्धा उरकण्यासाठी जलद डाव सोयीचे, हे मान्य. परंतु शाळेने केवळ सोय पाहू नये. पराभवाचे कारण शोधता येते आणि ते बहुधा आपल्याच हातातले असते, ही जाण ज्या मुलाला लाभली, ते परीक्षेतील अपयशानेही खचत नाही.

निवासी शाळेजवळ संध्याकाळ असते. आठवड्यातून एकदा दोन्ही खेळाडूंनी शेजारी बसून आपला डाव पुन्हा मांडावा. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला चुकलेली जागा दाखवावी. माजी विद्यार्थ्यांनी चषकांसोबत पट, घड्याळे आणि नोंदवह्या द्याव्यात व जमल्यास आपला एक तासही द्यावा. चषक एकाच्याच हाती जातो. नोंदवही प्रत्येकाजवळ राहते.