सिगारचे कौतुक, विडीची लाज

परवा मुंबईचा भाचा डहाणूला आला होता. ओटीवर बसून त्याने दीड हजारांची क्यूबाची सिगार पेटवली आणि मला धडाच दिला. बाहेरचे पान तुकतुकीत हवे, शिरा दिसता कामा नयेत. राख न झडता बोटभर टिकली तर आत चुरा नाही, अख्खी पाने आहेत. झुरका मिनिटाला एकच, नाहीतर चव कडवट. ऐकायला गोड वाटले, खोटे कशाला बोलू!

तेवढ्यात चिकूच्या वाडीत काम करणारा आमचा तलासरीचा माणूस आला. मला पाहताच त्याने विडी पाठीमागे लपवली. "चुकलं, गुरुजी!"

अहो, पारख विडीलाही आहे! टेंभुर्णीचे पान चिरलेले नको, दोरा घट्ट हवा. वळणारे हात तर सोलापूरच्या बायकांनाही आहेत. मग एकाचा शौक आणि दुसऱ्याचे व्यसन?

"सिगारचा धूर आत घेत नाहीत, म्हणून अपाय नाही," हे तर साफ चूक. तोंडाचा कर्करोग दोन्हींनी होतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. शाळेत विडीवाल्या बापांना झापले. सिगारेटवाले साहेब आले की राखेला बशी पुढे केली.

भाच्या, वाचत असशील तर... ओटीवरची राख मीच झाडली.