सपाट रस्त्याचा घाट

घाटात दमलं तर कोणी हसत नाही. पण पुणे-सोलापूरसारख्या सरळसोट हायवेवर दमायचं म्हणजे जरा अतीच! निघण्याआधी मीच सगळ्यांना ऐकवलं होतं, "एकदम फ्लॅट रोड आहे रे. सोलापूरची आहे मी, मला विचारा."

प्लॅनही माझाच. अडीचशे किलोमीटर, दोन दिवस, मुक्काम इंदापूर. मंडळी चार : एक बँकवाला, एक आयटीवाला, एक डेंटिस्ट मैत्रीण आणि अस्मादिक. पहिला दिवस झकास गेला. चहा, ढाबा, फोटोच फोटो.

दुसऱ्या दिवशी भीमा ओलांडली, टेंभुर्णी मागे पडलं आणि वारा सुटला. थेट तोंडावर! डिसेंबरात आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून येतो आणि आम्हीही निघालो होतो तिकडेच. सोलापूरच्या पोरीला एवढं कळू नये?

घाटाला निदान माथा असतो, मग उतार असतो. वाऱ्याला यातलं काहीच नाही. सायकल ताशी वीसने चाललीय आणि समोरून पंधराचा वारा आला, की अंगावर पस्तीसचा बसतो. हवेचा विरोध तर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट, मार चौपट! शाळेत हे मार्कांपुरतं पाठ केलं होतं, इथे मांड्यांना कळलं.

उपाय एकच. एका रांगेत, पुढच्याच्या चाकामागे चालवायचं. मागच्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. पुढे राहायची पाळी प्रत्येकाला पाच मिनिटं. मोडनिंबपर्यंत सिस्टीम मस्त चालली. मग माझी पाळी आली, की वेग एकदम खाली.

"बरी आहेस ना?"

"एकदम!"

तीनदा विचारलं, तीनदा तीच थाप. गाव माझं, प्लॅन माझा, आणि मीच दमले म्हणू? केळंसुद्धा 'भूक नाही' म्हणून परत केलं.

मोहोळच्या अलीकडे हात थरथरायला लागले. शेजारून उसाची ट्रॉली गेली, मी दचकले, माझं चाक पुढच्या चाकाला घासलं आणि मी धाडकन रस्त्याच्या कडेला. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. डेंटिस्टबाईंनी जखम धुतली. आयटीवाला मात्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पडलीस त्याचं काही नाही गं. पण तू खोटं बोललीस. तुझ्या मागे मी होतो. ट्रॉलीच्या बाजूला पडली असतीस तर?"

उत्तर नव्हतं. गूळ-शेंगदाणे खाल्ले, डबल साखरेचा चहा प्यायले. स्नायूंमधला साखरेचा साठा संपला, की जिद्द वगैरे कामाला येत नाही. अर्ध्या तासाने कसंबसं म्हटलं, "मी आता पुढे नाही राहणार. बाराच्या वर वेगही नाही जमणार."

"झालं!" बँकवाला म्हणाला. "एवढंच सांगायचं होतं."

उरलेलं अंतर तिघांनी पाळीपाळीने वारा अंगावर घेतला. मी शेवटी. पुणे नाक्यावर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. घरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही तयार होतं. माझ्या गुडघ्यावर आईचं भाषणही.

२०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण करणारी पहिली भारतीय टीम ठरले. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. तेव्हा मला त्यांच्या मांड्यांचं कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, दोघांच्या टीममध्ये 'आता तू घे' हे वेळेवर म्हणता येणं केवढं महत्त्वाचं असेल!

आमच्या ग्रुपमध्ये आता 'एकदम' या शब्दाला बंदी आहे. विचारलं, की दहापैकी आकडा सांगायचा. गेल्या रविवारी मी 'चार' म्हटलं. पुढच्याने वेग कमी केला. बास, एवढंच. कोणी मागे वळूनही पाहिलं नाही.